सगळी अ‍ॅप्स उडवून टाका!

कामोठ्यात सेक्टर कुठलाही असो, इमारतींच्या तळमजल्यावरच्या गाळ्यांत किराणा, मेडिकल, पोळी-भाजी केंद्र आणि त्यांना खेटून मोबाईलचं दुकान ठरलेलं. काचेचं काउंटर, मागे भिंतभर लटकवलेली कव्हरं, कोपऱ्यात टेम्पर्ड ग्लासची पाकिटं. "फोन फार हँग होतोय" म्हणत कुणी फोन पुढे केला की काउंटरमागचा पोरगा आधी स्क्रू ड्रायव्हरला हात लावत नाही. उघड्या अ‍ॅपचे पत्ते तो अंगठ्याने फराफर वर ढकलतो, मग सेटिंगमध्ये शिरून दोन-चार अ‍ॅपवर ‘फोर्स स्टॉप’ दाबतो. "काका, एवढं सगळं मागे चालू ठेवता? रोज रात्री उडवून टाकत जा." या सल्ल्याचे पैसे पडत नाहीत. फोन थोडा वेळ हलका चालल्यासारखा वाटतो आणि काका घरी जाऊन काकूंनाही तेच शिकवतात.

आजच्या फोनसाठी हा सल्ला बहुतांशी चुकीचा आहे. पण त्याला अडाणीपणा म्हणून हसण्यात अर्थ नाही. तो लोकांना फोन बनवणाऱ्यांनीच शिकवला, आणि ज्या काळात शिकवला त्या काळात तो बरोबरही होता. पुढे फोन आतून बदलत गेले, बटणाचा अर्थ बदलला, अंगठ्याची सवय तेवढी राहिली.

ही सवय कामोठ्यात पाहण्यात एक गंमत आहे. हे शहर आणि मोबाईल फोन जवळपास एकाच काळात वाढले. कामोठे मुळात पनवेल तालुक्यातलं आगऱ्यांचं गाव, भातशेतीचं, खाडीजवळचं. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घ्यायचं ठरलं. मोबदल्याच्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या आंदोलनातून साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व आलं. आज या परिसरात ज्या इमारतींखाली मोबाईलची दुकानं दिसतात, त्यांतल्या कितीतरी अशा साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत. लोकल वाशीपर्यंत आली १९९२ मध्ये, पनवेलपर्यंत १९९८ मध्ये. कामोठ्याच्या वाट्याला जे स्टेशन आलं त्याला नाव मिळालं मानसरोवर; गाव पाटीवरून गायब.

या दोन सालांच्या मधोमध, ३१ जुलै १९९५ ला, देशातला पहिला मोबाईल कॉल कोलकाता ते दिल्ली असा लागला. सुरुवातीला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. इनकमिंग फुकट झालं २००३ मध्ये. त्याच वर्षी ५०१ रुपयांत हँडसेट देणारी रिलायन्सची ‘मान्सून हंगामा’ योजना आली. त्या कंपनीचं ‘धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी’ हे केंद्र इथून फार लांब नाही, कोपरखैरण्याला. म्हणजे हप्त्यावर घर घेऊन कामोठ्यात आलेल्या पहिल्या पिढीच्या हातात फोन आला तोच मुळी खर्चाची धास्ती घेऊन. मिस्ड कॉल देऊन निरोप पोचवणं, बोलणं उरकतं घेणं, गरज नसताना फोन बंद ठेवणं ही त्या काळातली रीतच होती. चालू आहे म्हणजे काहीतरी खर्च होतंय, हा हिशेब तेव्हापासून डोक्यात बसला.

पण अ‍ॅप बंद करण्याची सवय खऱ्या अर्थाने लागली ती नोकियामुळे. २००३ च्या अखेरीस बाजारात आलेला ६६०० आठवून पाहा: जाडजूड, पोट सुटलेला, मधोमध छोटी जॉयस्टिक. मेनूचं बटण दाबून धरलं की चालू असलेल्या अ‍ॅप्लिकेशनची यादी उघडे. तिथून हवं ते निवडून ‘सी’ लिहिलेलं बटण दाबलं की ते बंद. ही युक्ती ज्याला माहीत असे तो मित्रमंडळींत तज्ज्ञ ठरे. आणि युक्ती शिकल्यावाचून गत्यंतरही नव्हतं. दोन-तीन गोष्टी एकदम उघडल्या की फोनच पडद्यावर सांगायचा, मेमरी भरली आहे, काही अ‍ॅप्लिकेशन बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा. पुढे आलेल्या एन ७० ची तर त्याबद्दल ख्यातीच होती. कॅमेरा उघडायचा तर आधी गाणं थांबवायचं, ब्राउझर उघडायचा तर आधी कॅमेरा. फोन स्वतः लेखी सूचना देत असताना ती पाळणाऱ्याला कुणी वेडं म्हणणार नाही.

दुसरा धडा संगणकाच्या वर्गातून मिळाला. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागलं, म्हणून पनवेल-कामोठ्यापासून पाटण-चंदगडपर्यंत लाखो मराठी लोकांनी माउस पहिल्यांदा तिथे धरला. पडदा गोठला की काय करायचं हे त्यांतल्या कुणालाही आजही विचारा. कंट्रोल, आल्ट, डिलीट. ही तीन बटणांची जोडणी आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी १९८१ च्या पहिल्या पीसीसाठी केली होती, तीही मुख्यतः स्वतःच्या चमूच्या सोयीसाठी. यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू करण्याचा वेळ वाचावा म्हणून. विंडोजमध्ये हीच बटणं दाबून जो टास्क मॅनेजर उघडे, तो डेव्ह प्लमर या अभियंत्याने लिहिलेला. त्यातलं ‘एंड टास्क’ दाबलं की हट्टी प्रोग्रॅम मरायचा आणि वर्गातले सर कौतुकाने मान हलवायचे. चालू प्रोग्रॅम म्हणजे ओझं आणि शहाणा माणूस ओझं उतरवतो, हे समीकरण असं दोन्हीकडून पक्कं झालं.

अँड्रॉइड आलं ते नेमकं या समीकरणाच्या उलट विचार घेऊन. सप्टेंबर २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन जाहीर झाला. भारतात पुढच्या वर्षी एचटीसी मॅजिकच्या रूपाने तो पोचला. त्यात अ‍ॅपला ‘बाहेर पडा’ असं बटणच सहसा नसे. लोक शोधून थकले. अँड्रॉइडच्या मुख्य अभियंत्यांपैकी एक डायॅन हॅकबॉर्न यांनी एप्रिल २०१० मध्ये एक लांबलचक लेख लिहून यामागचा विचार समजावून सांगितला. वापरणाऱ्याने अ‍ॅप बंद करण्याच्या भानगडीत पडू नये, ही त्यातली मूळ कल्पना. तुम्ही दुसरीकडे वळलात की आधीचं अ‍ॅप मेमरीत तसंच ठेवलं जातं. तिथे ते साधारणपणे काही काम करत नाही, फक्त असतं. मेमरीची गरज पडली की सर्वांत कमी महत्त्वाचं, बराच काळ न वापरलेलं अ‍ॅप यंत्रणा स्वतःच काढून टाकते. त्यासाठी खाली लिनक्सच्या गाभ्यात एक जल्लादच नेमलेला होता. त्याचं नावही सरळ ‘लो मेमरी किलर’. रिकामी मेमरी काही वाचवून ठेवण्याची वस्तू नव्हे. दुपारची आमटी झाकून ठेवली तर रात्री फक्त गरम करावी लागते. ओतून दिली तर डाळ शिजवण्यापासून सुरुवात. अ‍ॅप मुळापासून उघडायला प्रोसेसरला जास्त काम पडतं, म्हणजे बॅटरीही जास्त जाते.

गंमत अशी की त्याच एप्रिल महिन्यात आयफोनमध्ये एकाच वेळी अनेक अ‍ॅप चालवण्याची सोय जाहीर करताना स्टीव्ह जॉब्स यांनीही टास्क मॅनेजर दिसला की समजा बनवणाऱ्याचं चुकलं, अशा अर्थाचा टोमणा मारला होता. दोन्ही प्रतिस्पर्धी एका गोष्टीवर सहमत होते: लोकांनी हे काम करायचं नाही.

लोकांनी ते जोमाने केलं.

आणि का करू नये? कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याच्या टेबलावरचा फोन आणि हार्बर लाईनवर लोंबकळणाऱ्या माणसाच्या खिशातला फोन एक नव्हते. २०११ मध्ये आलेला सॅमसंग गॅलेक्सी वाय इथे ढिगांनी खपला. त्यात वापरायला मिळणारी रॅम जेमतेम २९० एमबी. २०१२ च्या अखेरीस मायक्रोमॅक्सच्या कॅनव्हास २ ने पाच इंची पडदा दिला, पण रॅम ५१२ एमबीच. त्यात व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, लोकलच्या वेळांसाठी २०१० पासून मुंबईकरांचा सोबती झालेलं एम-इंडिकेटर आणि एखादा गेम एवढं भरलं की तो बिचारा जल्लाद उसंत न घेता कामाला लागायचा. एक अ‍ॅप मारायचा, ते पुन्हा उठायचं, दुसरं मारायचा. होम स्क्रीनवर परत यावं तर चौकटी एकेक करून उगवायच्या. अशा वेळी माणसाने स्वतःच चार अ‍ॅप कमी केली तर फोन खरोखर सुटसुटीत चालायचा. सॅमसंगने तर होम बटण दाबून धरलं की टास्क मॅनेजर, त्यात रॅमचा रकाना आणि मेमरी साफ करण्याचं बटण दिलेलं होतं. गुगल म्हणे बंद करू नका, फोनवर छापलेली कंपनी म्हणे हा घ्या झाडू. लोकांनी झाडू घेतला.

त्यात डेटाचं दुखणं. जिओच्या आधी एक जीबी थ्रीजी पॅकला अडीचशेच्या आसपास रुपये पडत, आणि पॅक संपला की मुख्य बॅलन्समधून पैसे कापले जात. मागे कुठलं अ‍ॅप काय डाउनलोड करतंय याचा पत्ता नसे. अपडेटच्या नावाखाली महिन्याचं रिचार्ज एका रात्रीत उडाल्याची तक्रार तेव्हा घरोघर ऐकू येई. या परिस्थितीत झोपण्याआधी अ‍ॅप्स मारणं ही साधी काटकसर होती, दूध तापवल्यावर गॅसची टाकी बंद करण्याइतकी सहज.

या भीतीवर धंदा उभा राहिला नसता तरच नवल. अ‍ॅडव्हान्स्ड टास्क किलर हे सुरुवातीच्या अँड्रॉइडवरचं अतिशय लोकप्रिय अ‍ॅप. तेव्हाच्या नियमांत पळवाटही मोठी होती: एक साधी परवानगी घेऊन कुठलंही अ‍ॅप दुसऱ्या अ‍ॅपला पूर्णपणे झोपवू शकत असे, त्याच्या सेवा, त्याचे गजर, सगळ्यासकट. सकाळचा अलार्म वाजला नाही म्हणून लोक फोनला शिव्या घालत, आणि अपराधी असे तो किलर. २०१० मध्ये अँड्रॉइड २.२ ने ही पळवाट बुजवली. यापुढे एका अ‍ॅपला दुसऱ्याची फक्त मागे पडून असलेली प्रक्रिया हटवता येईल. पूर्ण सक्तीने थांबवण्याचा अधिकार सेटिंगमधल्या बटणाला, म्हणजे माणसाच्या अंगठ्याला.

धंदा तरी थांबला नाही. क्लीन मास्टर, डीयू बॅटरी सेव्हर, डीयू क्लीनर ही नावं २०१३ ते २०१८ च्या काळात फोन वापरलेल्या कुणालाही आठवतील. फिरणारं चक्र, लाल झालेला टक्का, ‘बूस्ट’ दाबलं की सुळकन उडणारं रॉकेट, मग "इतके एमबी मोकळे झाले" अशी शाबासकी आणि शाबासकीखाली जाहिरात. मोकळी झालेली मेमरी मिनिटभरात पुन्हा भरायची, कारण भरलेली असणं हेच तिचं काम. पण आकडा पाहून बरं वाटायचं. नोव्हेंबर २०१८ मध्ये क्लीन मास्टर बनवणाऱ्या चीता मोबाईल या चिनी कंपनीच्या अ‍ॅप्सवर जाहिरातींच्या कमिशनमध्ये लबाडी केल्याचा आरोप अमेरिकेत प्रसिद्ध झाला. कंपनीने तो नाकारला. फेब्रुवारी २०२० मध्ये गुगलने त्रासदायक जाहिरातींच्या कारणावरून जवळपास ६०० अ‍ॅप काढून टाकली, त्यांत याही कंपनीची होती. आणि २९ जून २०२० ला भारत सरकारने ज्या ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्या यादीत टिकटॉकच्या गाजावाज्यात हे झाडूवाले कुणाच्या लक्षात आले नाहीत. क्लीन मास्टर, डीयू बॅटरी सेव्हर, डीयू क्लीनर, सगळे तिथे होते. २०२३ च्या अँड्रॉइड १४ ने उरलीसुरली वाट बंद केली: कोणतंही सामान्य अ‍ॅप आता फक्त स्वतःचीच मागची प्रक्रिया मारू शकतं.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण दुकानातला पोरगा दोन्ही गोष्टी एका दमात करतो. पत्ता वर ढकलणं आणि फोर्स स्टॉप दाबणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पत्ता ढकलला की अ‍ॅप अलीकडच्या यादीतून जातं, बहुधा मेमरीतूनही जातं, पण त्याचे गजर, त्याची नोंदवलेली कामं, त्याच्याकडे येणारे निरोप शाबूत राहतात. गरज पडली की यंत्रणा त्याला पुन्हा उठवते.

फोर्स स्टॉपचं तसं नाही. बटण दाबताच त्या अ‍ॅपच्या सर्व प्रक्रियांना लिनक्सचा तो जुना, नकार न देता येणारा मारण्याचा संकेत जातो. बेल लॅबमध्ये जन्मलेल्या युनिक्सकडून आलेला हा वारसा. त्याचा क्रमांक नऊ. अ‍ॅपला आवराआवर करायला क्षणही मिळत नाही. अर्धवट लिहिलेलं, न साठवलेलं जे असेल ते गेलं. मग त्याने लावलेले गजर रद्द होतात. ठरावीक वेळाने करायची म्हणून नोंदवलेली कामं रद्द होतात. दिव्यांगांना मदत करणाऱ्या सेवांपैकी ते असेल तर ती सेवा बंद पडते. आणि मे २०११ मधल्या अँड्रॉइड ३.१ पासून आणखी एक गोष्ट घडते, तीच सर्वांत महत्त्वाची: अ‍ॅपच्या नावापुढे ‘थांबवलेलं’ अशी नोंद होते. ही नोंद असेपर्यंत यंत्रणेच्या सामान्य हाका त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. फोन बंद करून चालू केला तरी नोंद पुसली जात नाही. माणसाने ते स्वतः उघडेपर्यंत ते मेल्यातच जमा.

त्याआधी फोर्स स्टॉप केलेलं अ‍ॅप पाच मिनिटांत कुठल्यातरी निमित्ताने पुन्हा उठून बसायचं. म्हणून लोक वैतागून पुन्हा पुन्हा दाबत. बटणावरची अक्षरं तीच राहिली, पण त्यामागची शिक्षा तात्पुरत्या अटकेवरून बेमुदत कोठडीवर गेली. हे कुणी कुणाला सांगितलं नाही.

परिणाम मात्र लोकांनी शोधून काढले, आणि काहींनी त्यांचा वापरही केला. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या खुणा आल्या आणि वाचलं की नाही हे लपवणं कठीण झालं. तेव्हा एक युक्ती पसरली: व्हॉट्सअ‍ॅप फोर्स स्टॉप करायचं. समोरच्याला एकच टिक दिसते, कॉलही वाजत नाही, बाकी इंटरनेट मात्र व्यवस्थित चालू. "रेंज नव्हती" म्हणायला मोकळे. कॉलेजच्या पोरांपासून रविवारी साहेबांना टाळणाऱ्या कारकुनापर्यंत सगळ्यांनी ती वापरली. ती चालते याचं कारण तेच: संदेश आल्याची गुगलच्या सेवेकडून येणारी वर्दी थांबवलेल्या अ‍ॅपला दिली जात नाही.

जो जाणूनबुजून करतो त्याचं ठीक. ज्याला माहीत नाही त्याचे हाल होतात. मानसरोवरहून पहाटेची लोकल पकडणाऱ्याने रात्री साफसफाई करताना घड्याळाचं अ‍ॅपही फोर्स स्टॉप केलं, तर सकाळचा गजर वाजणार नाही. एखाद्या आजींच्या गोळ्यांची आठवण करून देणारं अ‍ॅप नातवाने ‘फोन स्लो होतोय’ म्हणून थांबवलं, तर दुपारची गोळी चुकेल आणि दोष स्मरणशक्तीला जाईल. मनगटावरचं स्मार्ट घड्याळ मुकं होतं. बँकेच्या अ‍ॅपच्या सूचना येत नाहीत. एसएमएस येतो म्हणून निभावतं. यूपीआयचा तर वेगळाच गैरसमज आहे. पैसे पाठवताना चक्र फिरत राहिलं की घाबरून अ‍ॅप थांबवणारे पुष्कळ. पिन टाकून विनंती गेली असेल तर व्यवहार बँकांच्या संगणकांवर चाललेला असतो. फोनवरचं अ‍ॅप मारून तो परत फिरत नाही. मग तेच पैसे दुसऱ्यांदा पाठवले जातात आणि भाजीवाल्याशी वाद. त्या भाजीवाल्याच्या गाडीवरचा बोलका डबा या बाबतीत शहाणा: त्यात स्वतंत्र सिम असतं, मालकाने आपल्या फोनवर काय मारलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

या सवयीची सार्वजनिक परीक्षा झाली करोनात. २ एप्रिल २०२० ला आरोग्य सेतू अ‍ॅप आलं. मे महिन्याच्या सुरुवातीच्या आदेशात नोकरदारांसाठी ते सक्तीचं केलं गेलं, नंतर ती सक्ती सैल झाली. त्याचं सगळं काम पाठीमागे चालण्यावर अवलंबून: ब्लूटूथवरून आसपासच्या फोनची नोंद घेत राहणं. म्हणजे फोनवर ते आहे हे गेटवर दाखवता येत होतं, पण बॅटरीच्या काळजीने ते फोर्स स्टॉप केलेलं असेल तर ते असणं आणि नसणं सारखंच.

सगळा दोष अंगठ्याचाही नाही. २०१४ च्या जुलैत शाओमी फ्लिपकार्टवरून भारतात उतरली आणि २०१७ च्या अखेरीस सर्वाधिक स्मार्टफोन विकणारी कंपनी झाली. तिने आणि तिच्यासारख्या इतरांनी बॅटरी जास्त टिकते हे दाखवण्यासाठी मारण्याचं काम फोनच्या आतच बसवलं. ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगी नसलेलं अ‍ॅप नुसता पत्ता ढकलला तरी बरंचसं फोर्स स्टॉप केल्यासारखं वागू लागलं. सॅमसंगने न वापरलेल्या अ‍ॅपना गाढ झोपवण्याची सोय आणली. गुगलनेही २०१५ मध्ये फोन निश्चल पडलेला असताना सगळ्यांना आवरणारी ‘डोझ’ व्यवस्था, २०१७ मध्ये मागे चालणाऱ्या सेवांवर मर्यादा आणि २०१८ मध्ये वापरानुसार अ‍ॅपची वर्गवारी आणली. पण त्यात गजर, तातडीचे निरोप यांना वाट ठेवली होती. काही कंपन्यांनी ती वाटही अडवली. झोपेची नोंद ठेवणाऱ्या एका अ‍ॅपच्या निर्मात्यांनी वैतागून ‘डोन्ट किल माय अ‍ॅप’ नावाची मोहीम काढली आणि कोणती कंपनी अ‍ॅप किती निर्दयपणे मारते याची क्रमवारी लावली. जेवण पोचवणाऱ्या किंवा रिक्षा-टॅक्सी चालवणाऱ्या तरुणाला या क्रमवारीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. अ‍ॅप मागे मेलं की तो यादीतून गायब, आणि यादीतून गायब म्हणजे ऑर्डर नाही.

आता २०१६ कडे वळू. त्या वर्षीच्या मार्चमध्ये अ‍ॅपलचे क्रेग फेडरिघी यांनी एका ग्राहकाच्या पत्राला उत्तर देताना स्पष्ट सांगितलं की ते स्वतः अ‍ॅप बंद करत बसत नाहीत आणि बॅटरीसाठी त्याची गरजही नाही. अँड्रॉइडचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनी लगेच त्याला दुजोरा दिला. उलट किंचित तोटाच होऊ शकतो असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला घणसोलीत मुख्यालय असलेली जिओ सुरू झाली आणि डेटाची काटकसर करण्याचं कारण संपलं. पुढच्याच महिन्यात, १ ऑक्टोबरला, पनवेल महानगरपालिका स्थापन झाली आणि कामोठे तिच्यात गेलं. नोव्हेंबरात नोटाबंदी, डिसेंबरात भीम अ‍ॅप. रॅमही दोन-तीन जीबीवर आली. थोडक्यात, अ‍ॅप्स उडवण्याची जी जी कारणं होती, ती सगळी वर्ष-दोन वर्षांत निकालात निघाली, आणि थांबवलं तर नुकसान होईल अशी अ‍ॅप्स मात्र नेमकी त्याच काळात फोनवर आली. तरी दुकानातला सल्ला बदलला नाही.

मग ते बटण हवंच कशाला? हवं, आणि वापरावंही. अ‍ॅप गोठलं, उघडताच बंद पडतंय, फोन खिशात असताना तापतोय आणि बॅटरीच्या यादीत एकच नाव भलत्या टक्क्याने वर दिसतंय, नेव्हिगेशन बंद करूनही ठिकाणाची खूण विझत नाही, किंवा एखादं कर्ज देणारं संशयास्पद अ‍ॅप काढून टाकण्याआधी गप्प करायचंय, अशा वेळी फोर्स स्टॉप हाच योग्य उपाय. फोटो, चॅट, खाती यांना त्याने धक्का लागत नाही. ते काम शेजारच्या ‘क्लिअर डेटा’चं. फक्त काम झालं की ते अ‍ॅप एकदा हाताने उघडावं, म्हणजे ‘थांबवलेलं’ ही नोंद पुसली जाते. आणि फोन सगळाच संथ झाला असेल तर एक-एक अ‍ॅप मारत बसण्यापेक्षा तो एकदा बंद करून चालू करावा आणि साठवणीतले जुने व्हिडिओ काढावेत. बहुतेक वेळा दुखणं तिथे असतं.

लोकांच्या संशयाला मात्र मोडीत काढू नये. पाठीमागे माहिती गोळा करणारी, ठिकाण टिपणारी, नको तेव्हा जागी होणारी अ‍ॅप्स खरोखर होती आणि आहेत. "आमच्यावर सोडा, तुम्ही काही बंद करू नका" असं सांगणाऱ्या कंपन्यांनी गेल्या पंधरा वर्षांत तो विश्वास पुरता कमावलेला नाही. २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये मागे चाललेल्या सेवा दाखवून त्या थांबवायचं बटण गुगलला सूचनांच्या पडद्यावरच आणावं लागलं, ही त्याची एक प्रकारे कबुलीच.

२०२४ च्या अँड्रॉइड १५ ने शिक्षा आणखी कडक केली. आता फोर्स स्टॉप केलेल्या अ‍ॅपने इतरांकडे ठेवलेली पुढच्या कामांची अधिकारपत्रंही रद्द होतात आणि त्याची होम स्क्रीनवरची विजेट फिकट होऊन निकामी पडतात. त्या फिकट विजेटमुळे निदान काहीतरी थांबलंय हे डोळ्यांना दिसतं. बटण दाबताना येणारी सूचना मात्र वर्षानुवर्षं तेवढीच आहे, अ‍ॅप नीट चालणार नाही अशा अर्थाचं एक मोघम वाक्य. या अ‍ॅपने लावलेले अमुक गजर रद्द होतील, निरोप येणार नाहीत, पुन्हा उघडेपर्यंत असंच राहील, हे तिथेच मराठीत लिहिणं काही अवघड नाही. फोनला ती यादी माहीत असते, कारण ती रद्द तोच करतो. फोन विकणाऱ्या कंपन्यांनी आणि गुगलने ती दाखवावी. तोवर दुकानातल्या पोरांनी गिऱ्हाइकाच्या फोनवर ते बटण दाबण्याआधी निदान घड्याळाचं अ‍ॅप तरी वगळावं.